आईंना बसवू नका, उठू द्या

सकाळी साडेसहाला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लबच्या, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर चक्कर टाकली तर नाशिकचे ज्येष्ठ नागरिक अगदी ठणठणीत आहेत असंच कुणालाही वाटेल. सत्तरीतले गृहस्थ झपाझप फेऱ्या मारत असतात, बाकांवर रक्तदाबाच्या गोळ्यांपासून महापालिकेच्या राजकारणापर्यंत गप्पा रंगलेल्या असतात. पण ट्रॅकवर दिसतात ते ट्रॅकपर्यंत येऊ शकणारे. सिडकोतल्या दुसऱ्या मजल्यावरून महिनोन्‌महिने खाली न उतरलेल्या आजी किंवा पंचवटीतल्या जुन्या वाड्याचा उभा जिना झेपत नाही म्हणून खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले आजोबा तिथे कुठून दिसणार? खरा प्रश्न त्यांचा आहे.

लिंडा फ्रीड आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी २००१ साली म्हातारपणातल्या अशा अशक्तपणाच्या पाच खुणा सांगितल्या. कारण नसताना वजन उतरतं, सतत थकवा राहतो, हाताची पकड ढिली पडते, चाल मंदावते आणि एकूण हालचालच कमी होते. पाचपैकी तीन आढळल्या की पडण्याचा, अंथरुणाला खिळण्याचा धोका वाढलेला असतो. घरोघरी मात्र ‘वय झालं आता’ म्हणून विषय मिटतो आणि सेवा सुरू होते. ‘आई, तुम्ही बसा, मी देते.’ पाण्याचा तांब्या हातात, ताट पुढ्यात, उठायचं म्हटलं तर काखांत हात घालून उचलायला कुणीतरी हजर. यामागची माया शंभर नंबरी आहे. परिणाम मात्र उलटा होतो, आणि तो मोजून पाहिलेला आहे.

अमेरिकेत साधारण ६७ वर्षांच्या, चांगल्या निरोगी मंडळींना दहा दिवस नुसतं बिछान्यात ठेवून पाहिलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दहाच दिवसांत त्यांच्या पायांचं जवळपास एक किलो स्नायुवजन गेलं. ही निरोगी माणसं होती. डेंग्यूतून किंवा न्यूमोनियातून नुकत्याच उठलेल्या ऐंशीच्या बाईला ‘महिनाभर अजिबात हलायचं नाही’ असं बजावलं जातं, तेव्हा तिच्या मांड्यांचं काय होत असेल? आराम आजारापुरता हवाच. आजार सरल्यावरही तोच चालू ठेवला तर आरामच आजार होऊन बसतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘आणि पडल्या म्हणजे?’ भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, आणि त्यांत मोठा वाटा वृद्धांचा असतो. पण पडण्याच्या भीतीनं बसवून ठेवलेल्या माणसाचे पाय आणखी लुळे पडतात, तोल आणखी जातो, आणि एक दिवस रात्री बाथरूमला जाताना व्हायचं ते होतंच. चोवीस तास काखेत हात घालून उभं राहणारं माणूस कुठल्याच घरात नसतं.

‘नव्वदीत कसला व्यायाम’ हा आक्षेप तर १९९० सालीच निकालात निघाला. मारिया फियातारोने यांनी बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना हाताशी धरलं. नाजूक हातवारे करून घेतले नाहीत, पायांवर खरोखरीचं वजन दिलं. एका वेळी जेमतेम उचलता येईल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ते नेलं. आठ आठवड्यांत मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. पुढे १९९४ मध्ये त्यांनीच सरासरी ८७ वर्षांच्या शंभर जणांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला. चालण्याचा वेग वाढला, जिना चढण्याची ताकद वाढली. त्याच प्रयोगात काहींना व्यायामाविना नुसतं पोषक पेय दिलं होतं, त्यांची अशक्तता काही हटली नाही. मेडिकलमधून प्रोटीन पावडरचे महागडे डबे आणून देऊन कर्तव्य पार पडल्याचं समाधान मानणाऱ्या मुलांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात घ्यावा. प्रथिनं लागतातच; अनेक घरांत आजीच्या ताटात वरणाच्या पाण्याखेरीज काही नसतं, ते बदललंच पाहिजे. पण काम न केलेल्या स्नायूला नुसता खुराक पुरत नाही.

आता जरा सुधारलेलं मत. ‘आमचे बाबा रोज अर्धा तास चालतात, आणखी काय हवं?’

चालणं उत्तम. हृदयासाठी, साखरेसाठी, मनासाठीही. मात्र तोल सुधारायला ते एकटं पुरतं याला पुरावा नाही. कॅथरीन शेरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली कोक्रेन संस्थेसाठी २५ देशांतल्या १०८ चाचण्या आणि २३ हजारांवर माणसांचा आढावा घेतला. तोलाचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी उतरलं. असे निरनिराळे व्यायाम, बहुधा तोल आणि ताकद, एकत्र केल्यावर ते ३४ टक्क्यांनी खाली आलं. नुसत्या चालण्याबद्दल ठामपणे काही सांगता आलं नाही, नुसत्या वजनांबद्दलही नाही. त्याच्याही आधी, १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये हाताचं हाड मोडून गेलेल्या स्त्रियांना भराभर चालायला लावलं, तर चालणाऱ्या गटातल्याच जास्त पडल्या. कारण उघड आहे. सपाट ट्रॅकवर सरळ रेषेत चालताना तोलाची परीक्षाच होत नाही. माणसं पडतात ती वळताना, मागे सरकताना, उंबरा ओलांडताना, ओल्या मोरीत एका पायावर उभं राहून दुसरा धुताना.

इथे वारकऱ्यांचा दाखला हमखास दिला जातो. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी नाशिकवरून पंढरपूरला निघते तेव्हा डोक्यावर तुळस घेतलेल्या पंचाहत्तरीच्या बाया शेकडो किलोमीटर चालत जातात, त्या कुठे व्यायाम करतात? तर त्यांनी जन्मभर दुसरं काही केलेलं नसतं! खुरपणीला उकिडवं बसणं, भारा डोक्यावर घेऊन बांध ओलांडणं, विहिरीच्या पायऱ्या, जमिनीवरून दिवसातून पन्नासदा उठणं. त्यांच्या पायांवर वजन रोज होतं. शहरातल्या फ्लॅटमध्ये कमोड, डायनिंग टेबल आणि लिफ्ट आली आणि आयुष्यातून हे सगळं नकळत निघून गेलं. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, आणि सुमारे पाचशे पायऱ्या न झेपणाऱ्यांना देवीचं दर्शन होतं ही आनंदाचीच गोष्ट. सोयींशी भांडण नाही. सोय येते तेव्हा तिनं हिरावलेला व्यायाम दुसरीकडून भरून काढावा लागतो, एवढंच सांगणं आहे.

तिसरं मत सरकारमान्य आहे: साहित्य द्या. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून ६५ वर्षांवरील, दोन लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या नागरिकांना एकरकमी ३००० रुपये मिळतात. त्यांतून काठी, ट्रायपॉड, घडीचा वॉकर, गुडघ्याचा पट्टा, कमोड खुर्ची घेता येते. योगोपचार केंद्रांचाही तिच्यात उल्लेख आहे. योजना चांगली आहे. पण काठी हातात आली की प्रश्न संपत नाही. उभं राहून हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. रस्त्यानं जाणाऱ्या चार वृद्धांकडे पाहा, किती काठ्या उंच असतात आणि किती चुकीच्या हातात, ते दिसेल.

याउलट काय करावं, हेही पुरेसं स्पष्ट आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात जॉन कॅम्पबेल आणि क्लेअर रॉबर्टसन यांनी नव्वदच्या दशकात घरच्या घरी करायचा कार्यक्रम बसवला. पहिली मोठी चाचणी ८० वर्षांवरच्या २३३ स्त्रियांवर झाली. फिजिओथेरपिस्ट सुरुवातीच्या दोन महिन्यांत चार वेळा घरी यायची, बाकी व्यायाम ज्याचा त्यानं आठवड्यातून तीनदा करायचा. अशा चार चाचण्यांत मिळून पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालं. पुढे प्रशिक्षित परिचारिकांनीही हा कार्यक्रम यशस्वीपणे राबवला, हे आपल्याकडच्या माणसांच्या टंचाईत फार मोलाचं.

नाशिकच्या स्वयंपाकघरात तो असा दिसेल. भक्कम, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. आजींनी पुढच्या कडेला सरकून बसायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, पुढे झुकून उठायचं. जमत नसेल तर आधी बैठकीवर जाड उशी, हातांचा टेकू. बसताना मात्र धपकन नाही, मनात तीन आकडे मोजत. हळू बसण्यातच मांडीचं निम्मं काम होतं. पाच वेळा जमलं की दहा, मग टेकू कमी. नंतर ओट्याला तळवे टेकून टाचा उचलणं, ओट्याच्या कडेनं आडवी पावलं टाकणं, एका पावलाच्या पुढे दुसरं ठेवून दहा सेकंद उभं राहणं. हातांचा टेकू हळूहळू तळव्यांवरून बोटांवर, बोटांवरून एका बोटावर. शेजारी कुणीतरी उभं हवं, पण हात न लावता. अंग थोडं डुलतं, घोट्यात धडपड होते, ती होऊ द्यायची. मेंदूचं आणि पायांचं शिक्षण त्या धडपडीतच चालू असतं.

सबुरीचे मुद्दे खरे आहेत, ते झटकून चालणार नाही. उठल्याबरोबर रक्तदाब उतरत असेल, छातीत दुखत असेल, झोपेच्या गोळ्या चालू असतील, नुकतंच हाड मोडलं असेल तर आधी डॉक्टर. आणखी एक आक्षेप अभ्यासूंचा आहे. इंग्लंडमध्ये ९८०३ ज्येष्ठांवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२० साली आले, व्यायामाच्या कार्यक्रमानं हाडं मोडण्याचं प्रमाण घटलं नाही. हे मान्यच करायला हवं. पण त्यावरून व्यायाम फोल ठरत नाही. शेरिंग्टन यांच्याच आणखी एका आढाव्यात तोलाला खरं आव्हान देणारे, आठवड्याला तीन तासांहून जास्त चाललेले कार्यक्रम सर्वांत गुणकारी ठरले, तिथे पडणं ३९ टक्क्यांनी घटलं. मात्रा कमी पडली की गुणही कमी. युरोपात १५१९ अशक्त ज्येष्ठांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचं प्रमाण ५२.७ वरून ४६.८ टक्क्यांवर आलं. चमत्कार नाही हा. पण ज्या आजोबांना आपल्या पायांनी देवळात जाता येतं, त्यांच्यासाठी हा फरक टक्क्यांचा राहत नाही.

नाशिकला हे अवघड का असावं? आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथेच, म्हसरूळला आहे. राज्यभरातली फिजिओथेरपी महाविद्यालयं त्याच्याशी जोडलेली आहेत. मल्लखांबाचं पुनरुज्जीवन करणारे बाळंभटदादा देवधर याच जिल्ह्यातल्या कोठुरेचे, आणि त्यांना ती विद्या सप्तशृंगीच्या कृपेनं मिळाली असं परंपरा सांगते. कॉलनी-कॉलनीत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयासाठी फिजिओथेरपीची तरतूद २०१० सालापासून आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाटांची कामं होत असताना उतरत्या पायऱ्यांना धरायला कठडे द्यावेत, म्हणजे रामकुंडावर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना कुणाच्या दंडाला लोंबकळावं लागणार नाही.

सुरुवात ज्येष्ठ नागरिक संघांनी करावी. वाढदिवस आणि सहली होतातच, त्यांच्या जोडीला सभागृहात चाचणीचा एक दिवस ठेवावा. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंदांहून जास्त लागले तर ती व्यक्ती व्यायामाच्या वर्गात. जी माणसं सभागृहापर्यंत पोहोचत नाहीत त्यांची यादी शेजाऱ्यांकडून करावी, आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या घरी जावं. वर्ग आठवड्यातून तीन दिवस, तासभर. आणि तो पावसाळ्यात, दिवाळीत, लग्नसराईतही चालू राहील याची व्यवस्था आधी करावी. बोस्टनच्या त्या नव्वदीतल्या मंडळींची ३२ टक्के ताकद व्यायाम थांबल्यावर चार आठवड्यांतच गेली होती.