परसबाग : आधी पाणी, मग बियाणे

दिवाळी आटोपली की जयपूरच्या झोटवाडा भागातील रोपवाटिकांत फुलकोबीची रोपे दिसू लागतात आणि बदलीच्या नोकरीमुळे येथे आलेल्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांनाही परसबागेचे वेध लागतात. घरोघरी बियाण्यांची यादी होते. माझ्या मते ही सुरुवातच चुकते. येथे आधी पाण्याचा अंदाज घ्यावा आणि मगच वाफे आखावेत.

जयपुरात वर्षाकाठी सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. झोटवाडा विकासखंडात भूजलाचा उपसा पुनर्भरणाहून अधिक असल्याने सरकारी मूल्यांकनात तो 'अतिशोषित' गणला गेला आहे. बिसलपूर धरणाचे पाणी २००९ पासून शहराला मिळू लागले, परंतु ते शंभराहून अधिक किलोमीटरवरून आणावे लागते. मुद्दलच काढत गेल्यास ठेवीचे काय होते, हे बँकेच्या खातेदारांना निराळे सांगायला नको.

म्हणून आम्ही तीनच वाफे करतो : मेथी-पालक, गाजर-मुळा आणि थोडे टोमॅटो. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी त्यांना घालतो. जलशुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र खारट असते; ते रोज घातल्यास मातीत क्षार साचतात. ते फरशीसाठीच बरे.

येथील खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीत होते. पहिल्या वर्षी शेजारच्या भाभीजींनी 'आज पाला पडेगा' असे बजावले. आम्ही झाडपाला समजून खराटा काढून ठेवला! सकाळी पाहतो तो टोमॅटोची रोपे काळवंडलेली. येथे पाला म्हणजे गोठलेले दव. आकाश निरभ्र असून वारा पडला, की सायंकाळी वाफ्यांना हलके पाणी द्यावे; ओली माती ऊब धरून ठेवते. रोपांवर गोणपाट टाकावे, आग्नेयेची बाजू उघडी ठेवावी, म्हणजे सकाळचे ऊन आत पोहोचते. मात्र त्या रात्रींसाठी पाणी शिल्लक हवे. दहा वाफे पोसणाऱ्याकडे ते उरत नाही.

फुलकोबी आम्ही बाजारातूनच आणतो. 'त्या कोबीलाही पाणी लागतेच ना, बाबा?' असा आक्षेप चिरंजीवांनी घेतला. तो खोटा नाही. पण शेतकऱ्याचे त्यावर पोट आहे, आमची केवळ हौस. आणि हौसेला तीन वाफे पुष्कळ झाले.