पण उपयोग काय?

तुम्ही फ्लॅट घ्या, कोणी काही विचारणार नाही. दुसरा फ्लॅट घेतलात, तर लोक उठून खुर्ची देतील. पण गच्चीवर ॲल्युमिनियमच्या दोन सळ्या बांधून रेडिओ ऐकत बसा, की भेटेल तो सद्गृहस्थ एकच प्रश्न टाकतो, "पण याचा उपयोग काय?" जणू मुंजीपासून पेन्शनीपर्यंत हे गृहस्थ फक्त उपयोगाच्याच गोष्टी करीत आले आहेत!

माझ्या रेडिओला 'सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ' असं भारदस्त नाव आहे; वस्तू मात्र पेनड्राइव्हएवढी. मुळात ही डबी संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी निघाली. २०१२ च्या सुमारास काही उचापती मंडळींनी ताडलं, की तिच्या पोटातली आरटीएल२८३२यू ही चिप हवेतल्या लहरींचे कच्चे आकडे, न शिजवता, संगणकाच्या हवाली करू शकते. पुढचा स्वयंपाक सॉफ्टवेअरने करायचा. जुन्या रेडिओत जे काम कॉइल आणि कंडेन्सर करीत, ते इथे आकडेमोड करते. म्हणजे रेडिओ हा अखेर कारकुनी हिशेबच निघाला; आणि त्यात तर आमची हयात गेली!

माझ्या सळ्या प्रत्येकी ५३ सेंटिमीटरच्या, १२० अंशांचा कोन करून आडव्या बांधलेल्या. रशियाचा मेटिओर-एम हा हवामान-उपग्रह सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरून जाताना १३७ मेगाहर्ट्झवर खालचं दृश्य ओळीओळीने पाठवीत असतो. पंधरा मिनिटांच्या आत अरबी समुद्र, त्यावरचे ढग आणि आपला किनारा पडद्यावर उतरतो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते चित्र पाहिलं आणि म्हणाले, "हे तर मोबाइलवर फुकट दिसतं."

दिसतं हो! श्रीखंडही दुकानात मिळतं. म्हणून घरी चक्का टांगणाऱ्या माउलीला कोणी उपयोग विचारीत नाही. वाटी पुढे करतात!

आणि फुकट कसलं? मोबाइलवरचं चित्र कोणीतरी तुम्हांला दाखवतो, तेव्हा ते दिसतं. नेट गेलं की दाखवणारा तिकडे, बघणारा इकडे, आणि ढग आपले डोक्यावर. माझं चित्र थेट माझ्या सळीवर उतरतं. उपग्रह केवायसी मागत नाही, ओटीपी पाठवीत नाही, सही जुळत नाही म्हणून परत फिरवीत नाही. दिवसभर काउंटरवर बसून लोकांकडे हेच मागणाऱ्या माणसाला या औदार्याची किंमत विचारा!

उपयोगाचा हिशेबच हवा असेल, तर तोही घ्या. त्या उचापती मंडळींनी आधी 'उपयोग काय?' असं विचारलं असतं, तर ती डबी आजही नुसती टीव्ही दाखवीत बसली असती. त्यांनी विचारलं, 'हे चालतं कसं?' 

माझी तक्रार आहे ती इथेच. 'कसं?' हा प्रश्न प्रत्येक पोराला जन्मतः येतो, 'उपयोग काय?' हा त्याला आपण शिकवतो. घड्याळ उघडणाऱ्या हातावर चापट मारायची, त्याच हातात क्लासची फी द्यायची, आणि मग सगळे शोध परदेशातच का लागतात, यावर गणेशोत्सवात व्याख्यान ठेवायचं. त्या व्याख्यानाचा उपयोग काय, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही.