टपरीवरची ‘शेरनी’

अमित मसूरकर यांचा ‘शेरनी’ जून २०२१मध्ये थेट ॲमेझॉन प्राइमवर आला. त्याचं चित्रीकरण गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात झालं होतं. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झालेल्या गोंदियाच्या मुलखात अशा जंगलातल्या सिनेमाची टपरीवरची चर्चा अभिनयापाशी थांबणं कठीणच.

विद्या बालनची वनाधिकारी फारच कमी बोलते, असं कुणाला वाटेल. पहाटे मोहफुलं वेचायला रानात जाणाऱ्या घरात मात्र तीच खरी वाटावी. शरत सक्सेनांचा शिकारी? थोडा भडक, पण लक्षात राहतो.

टपरीवरची अशी मतं समीक्षेइतकीच मोलाची. वाचकांनीही अलीकडे पाहिलेल्या सिनेमावर चार ओळी पाठवाव्यात. तारे नकोत, कोणत्या प्रसंगी पाणी प्यायला उठलात, तेवढं कळवा.