जुने विमान, थोडी डागडुजी

२००६ सालचा ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ आमच्या संगणकावर अजून उडतो. विमान धक्के खात चालले की चिरंजीव नवे ग्राफिक्स कार्ड मागतात. मी म्हणतो, थांब, स्वल्प ॲडजस्ट माडी! या खेळाचा मुख्य भार प्रोसेसरवर, त्यातही एकाच कोअरवर पडतो. म्हणून आधी रस्त्यावरच्या मोटारी, विमानांची वर्दळ आणि ‘ऑटोजेन’, म्हणजे आपोआप उगवणारी घरे-झाडे कमी करायची. दहा हजार फुटांवरून झाडे मोजतो कोण? फ्रेमची मर्यादा ३० ठेवली की चाल एकसारखी होते. खेळ ३२ बिटी, ४ जीबीपलीकडची मेमरी त्याला वापरताच येत नाही. त्याच्यासाठी १६ जीबी रॅम घेणे व्यर्थ. कार्डापेक्षा कमी पैशांत साधी जॉयस्टिक येते. ती जरूर घ्या, कीबोर्डवर विमान उतरवणे म्हणजे शिक्षाच!