शहराच्या वेशीवर उभा असलेला ट्रक

कापूस जिनिंगच्या काट्यावर टाकला, ज्वारीची पोती मोंढ्यात उतरवली आणि काटापट्टी खिशात घातली की मालाशी आपला संबंध संपला, असे आपण धरून चालतो. पुढचा रस्ता व्यापाऱ्याचा. ट्रक कुठे अडला, किती तास उभा राहिला, ते त्याचे दुखणे. पण हे दुखणे फिरून आपल्याच घरी येते. मोठ्या शहराच्या तोंडाशी ट्रक जितका वेळ उभा राहतो, त्या वेळेचे पैसे गावातल्या भावातून कापले जातात. काटापट्टीवर त्याची नोंद नसते, म्हणून ते कुणाला दिसत नाहीत.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एका शेतकरी गटाने आपली मालदांडी ज्वारी थेट मुंबईला पाठवायचे ठरवले. कुर्ल्याच्या एका दुकानदाराशी सौदा झाला. पन्नास किलोचे तीनशे चाळीस कट्टे, म्हणजे १७० क्विंटल माल. दहा चाकी ट्रक ठरला आणि आम्ही चालकाशेजारी केबिनमध्ये बसलो. बीड जिल्ह्यातून सायंकाळी पाचला निघालो. अहिल्यानगर, आळे फाटा, मग माळशेजचा घाट. कल्याण-भिवंडीच्या बाजूने ठाण्याजवळ पोचलो तेव्हा उजाडत होते. एका रात्रीत साडेतीनशे किलोमीटरहून जास्त रस्ता मागे पडला होता. आता राहिले होते जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. त्या वीस-पंचवीस किलोमीटरने आमचा अख्खा दिवस खाल्ला.

मुंबईत सकाळी आणि संध्याकाळी गर्दीच्या तासांत अवजड वाहनांना बंदी असते. दक्षिण मुंबईत तर जवळजवळ दिवसभर. दूध-भाजीपाल्यासारख्या मालाला सूट आहे, बाकीच्यांनी थांबायचे. नाक्यावरची रांग पाहून चालकाने ओळखले की बंदी लागण्याआधी कुर्ला गाठणे होत नाही. त्याने रस्त्याच्या कडेला ट्रक उभा केला. तिथे सावली नाही, संडास नाही, प्यायला पाणी नाही. रात्रभर जागलेला माणूस इंजिनाच्या उष्णतेत झोपायचा प्रयत्न करत पडून राहिला. कागदावर ती त्याची विश्रांती.

अकरा वाजल्यावर आत शिरलो. लालबहादूर शास्त्री मार्गावर रिक्षा, बस, हातगाड्या, मोटारसायकली आणि रस्ता ओलांडणारी माणसे यांतून भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होती. चालक आपल्याच भागातला, घरी चार एकर कोरडवाहू. तो म्हणाला, "भाऊ, घाटाची भीती वाटत नाही. घाटात गाडी माझ्या हातात असते. इथं डाव्या अंगाला कोण शिरलं, ते मला दिसतच नाही."

हे आपल्यातल्या मोटारसायकलवाल्यांनीही ऐकून ठेवावे. ट्रकचा चालक उजवीकडे आणि उंचावर बसतो. केबिनच्या डाव्या बाजूला लागून आणि अगदी पुढ्यात जो माणूस असतो, तो त्याला आरशातही धड दिसत नाही. शिवाय वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापून येतात. भरलेली बैलगाडी बांधाच्या कोपऱ्यावर वळवताना चाक बैलांच्या वाटेच्या आतून येते, तसेच. म्हणून डावीकडे वळायचे असले तरी ट्रक आधी उजवीकडे जागा घेतो. ती मोकळी दिसणारी जागा पाहून दुचाकीवाला आत घुसतो आणि सापडतो. क्लीनर खाली उतरून ट्रकची बाजू थापटत, हात करत वाट काढतो, तो त्यासाठी.

कुर्ल्याला पोचलो तर गोदामाच्या गल्लीत दहा चाकी गाडी वळेना. माल मोठ्या रस्त्यावर उतरवून छोट्या टेम्पोंत भरावा लागला. टेम्पोचे भाडे वेगळे, दुसऱ्यांदा हमाली वेगळी, वर वाराई. "ज्याचा माल त्याचा हमाल" अशी घोषणा देत ट्रकमालक या वाराईविरुद्ध बरीच वर्षे भांडत आहेत. उतराई होईपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले आणि पुन्हा बंदी लागली. रिकामा ट्रक शहराबाहेर पडला तो रात्री नऊनंतर.

आता हिशेब करू. आकडे धरलेले आहेत. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. समजा, बँकेचा हप्ता, विमा, चालक-क्लीनरचा पगार असा ट्रकचा महिन्याचा बांधीव खर्च १,२०,००० रुपये आहे. ट्रक चालो की उभा राहो, हा खर्च चुकत नाही. महिन्याला आठ फेऱ्या झाल्या तर फेरीमागे १५,००० रुपये पडतात. शहराच्या तोंडाशी दिवस वाया जाऊन सहाच फेऱ्या झाल्या तर २०,०००. फरक ५,००० रुपये. १७० क्विंटल ज्वारीवर तो क्विंटलला २९ रुपयांहून जास्त बसतो. ज्याने दहा क्विंटल ज्वारी विकली, त्याचे जवळजवळ ३०० रुपये शहराच्या रस्त्यावर सांडले. खुरपणीच्या एका बाईची दिवसाची मजुरी गेली. टोल, टेम्पो, वाराई यात धरलेलेच नाहीत.

कापसाचे असेच आहे. एका ट्रकमध्ये १७० किलोच्या शंभर गाठी जातात असे धरा. एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. म्हणजे ट्रकमध्ये ५०० क्विंटल कापूस बसला. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरला तर तो शंभर एकरांचा माल झाला. न्हावाशेवा बंदराच्या वाटेवर एक ट्रक कोंडीत उभा असतो तेव्हा शंभर एकरांचे पीक उभे असते.

कोणी विचारील, हा खर्च शेतकऱ्यावरच का पडावा? गिऱ्हाइकाने का भरू नये? उत्तर साधे आहे. परदेशी जाणाऱ्या गाठीचा बंदरावरचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. मुंबईच्या रस्त्यावर कोंडी आहे म्हणून परदेशातली सूतगिरणी चार पैसे जास्त देत नाही. व्यापारी त्या भावातून बंदरापर्यंतचा खर्च वजा करतो आणि उरेल तो भाव आपल्याला सांगतो. ज्वारी महागली तर शहरातला माणूस गहू-तांदळाकडे वळतो. आपल्याला मात्र माल घरात ठेवायला जागा नाही आणि देणेकरी दारात उभा. दोघांपैकी ज्याला थांबता येत नाही, त्याच्या अंगावर खर्च पडतो. बाजाराचा हा जुना नियम आहे.

हे शहर कापसाने वाढवले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होते, तेव्हा तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. वऱ्हाडात खामगाव-अमरावतीला रेल्वेचे फाटे टाकले गेले ते कापसासाठी. शिवडीजवळच्या स्टेशनाचे नावच कॉटन ग्रीन आहे. त्या काळी रस्ते आणि रूळ आधी मालाचा विचार करून होत. आता काय दिसते? मुंबईचा किनारी रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. मालट्रकला तिथे बंदी. शहराच्या पाच प्रवेशनाक्यांवर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. ट्रकला त्या निर्णयात माफी नव्हती. मोटारीतून एकटा जाणारा फुकट आत जावा आणि हजारो घरांची ज्वारी नेणाऱ्याने टोल भरावा, हा कुठला न्याय? १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, तेव्हा वाटले होते की नाक्यावरची रांगही जाईल. जकात गेली, रांग उरली.

तरीही शहरवाल्यांची बाजू आम्हाला दिसते. शाळा सुटायच्या वेळी भरलेला ट्रक गल्लीतून जावा, असे आमच्यापैकी कोणी म्हणणार नाही. चाकाखाली येणारी माणसे खरी असतात आणि त्यांत गावाकडून पोटासाठी गेलेली आपली पोरे असतात. वेळेचे बंधन असावे. पण ज्याला थांबवले, त्याला थांबायला जागा द्यायची जबाबदारी थांबवणाऱ्याची आहे.

चालकाचे ओझेही समजून घ्यायला हवे. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघातात मृत्यू घडवून, खबर न देता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे कलम आले आणि जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. त्यांचे म्हणणे होते, थांबलो तर जमाव जीव घेतो. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवले गेले. पळून जाणे चूकच. पण तीस तास जागलेल्या माणसाच्या हातात गर्दीतली गाडी देणारी व्यवस्था निर्दोष कशी?

आता आपल्या पदरातले. रस्ते अडवण्याचे हत्यार शेतकरी चळवळीनेही उचलले. १९८० साली नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याच्या भावासाठी रस्ते बंद झाले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण पुढे ऊठसूट झालेल्या रास्ता रोकोंमध्ये तासन्‌तास उन्हात उभे राहिले ते ट्रकवालेच, आणि आत माल आपलाच होता. भाडे वाचावे म्हणून "अजून दोन टन टाका" म्हणणारेही आपणच. दहा चाकी गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा २०१८ साली २५ टनांवरून २८.५ टन झाली. त्यावर भरलेला प्रत्येक टन ब्रेकवर आणि चालकाच्या जिवावर पडतो.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत पोचला. दहावीच्या परीक्षा चालू होत्या. मुलांना अडचण नको म्हणून पायाला फोड आलेली ती माणसे रात्रीतून चालत आझाद मैदानावर गेली. तो मोर्चा दुसऱ्या संघटनेचा. विचार आमचे सगळे जुळत नाहीत. पण त्या रात्री शहराने दारात येऊन पाणी दिले, खायला दिले. शहराची अडचण आपण ओळखली की शहरही आपली ओळखते, हे तिथे दिसले.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही हे ठेवत आहोत. मोठ्या शहरांच्या प्रत्येक वेशीवर पाणी, संडास आणि सावली असलेला वाहनतळ हवा. बंदीच्या वेळा तिथे पोचण्याच्या बऱ्याच आधी फलकावर लावलेल्या हव्यात आणि चार दिवसांनी बदलू नयेत. धान्याची उतराई रात्री करायची मुभा हवी. मोटारीला टोलमाफी, तर धान्याच्या ट्रकलाही हवी. आपल्याकडूनही दोन गोष्टी ठरवू: मर्यादेबाहेर माल भरणार नाही, आणि आंदोलनात भरलेला ट्रक अडवणार नाही. ज्या गटांना थेट शहरात माल पाठवायचा आहे, त्यांनी गोदामाची गल्ली आधी पाहून मगच गाडीचा आकार ठरवावा आणि उतराईचा खर्च कोणाचा, ते सौद्यातच लिहून घ्यावे. आम्ही ते केले नव्हते.

मागणी करायची तर आकडा हातात हवा. शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, बैठकीला येताना ज्यांनी माल बाहेर पाठवला, त्यांनी बिल्टी, टोलच्या पावत्या, टेम्पोचे भाडे, वाराई, जे असेल ते कागद घेऊन यावे. कागद नसेल त्याने निघाल्याची आणि उतराईची वेळ आठवून सांगावी. काटापट्टीवर जी वजावट कधी लिहिली गेली नाही, ती आपण आपल्या हाताने लिहू.