कांद्याचे बी आणि मधमाशी

कांद्याचा भाव चढला किंवा उतरला म्हणजे चांदवडपासून लासलगावपर्यंत सर्वत्र त्याचीच चर्चा होते. परंतु ज्या बियापासून तो कांदा निपजतो, त्या बियासंबंधी उळे टाकण्याची वेळ येईपर्यंत कोणी फारसे बोलत नाही. २०१९ व २०२० या लागोपाठच्या वर्षांत लांबलेल्या पावसाने कांद्याच्या पिकाचे आणि रोपांचे नुकसान केले. बियाण्याची ओढ इतकी लागली की, ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने कांदा-बियाण्याच्या निर्यातीवर बंदी घातली. पैसा हाती असूनही खात्रीचे बी मिळत नाही, ही स्थिती कशी असते याचा प्रत्यय त्या वर्षी अनेकांस आला. शिवाय कांद्याचे बी फार दिवस टिकणारे नव्हे. साध्या साठवणीत वर्ष उलटले की त्याची उगवणशक्ती झपाट्याने खालावते. म्हणून ते दर वर्षी नव्याने तयार करावे लागते, आणि दर वर्षी डोंगळ्यांवर फुले येतील तेव्हा त्या फुलांत बी भरेलच अशी तजवीज करावी लागते.

ही तजवीज करणारा मुख्य मजूर मधमाशी हा होय. तिचे रक्षण ही केवळ भूतदयेची बाब नसून बीजोत्पादनातील नांगरणी-कोळपणीइतकीच आवश्यक मशागत आहे, आणि ती एकट्या शेतकऱ्याने नव्हे, तर गावाने मिळून करावयाची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गेल्या काही वर्षांत देशोदेशी झालेल्या संशोधनाने या मताला भक्कम आधार दिला आहे.

फुलाची रचना

प्रथम कांद्याचे फूल नीट पाहिले पाहिजे. एका गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात. ती एकदम उमलत नाहीत. दोन-तीन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ क्रमाक्रमाने उमलत राहतात. प्रत्येक फुलात पुंकेसर आधी पिकतात व पराग सांडून मोकळे होतात. त्याच फुलातील स्त्रीकेसर मात्र त्यानंतर वाढतो आणि पराग ग्रहण करण्यास पात्र होतो. अर्थात फुलाचा स्वतःचा पराग त्याच फुलाच्या कामी सहसा येत नाही. तो दुसऱ्या फुलावरून आणावा लागतो. कांद्याचा पराग वाऱ्यावर दूरवर वाहून जाण्याजोगा नाही. ही ने-आण मधमाश्या व इतर कीटक करतात. बोंडात तीन कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात दोन बीजे, म्हणजे एका फुलापासून फार तर सहा बिया. पराग न पोहोचल्यास त्याच बोंडात एक-दोनच दाणे भरतात किंवा ते पोचट राहते.

गोंड्यांवरून हात किंवा कापड फिरवून परागीभवन साधावे, असा उपाय कोठे कोठे सुचविला जातो. अडचणीच्या वेळी त्याचा थोडाफार उपयोग होईलही. परंतु शेकडो फुले निरनिराळ्या दिवशी पराग घेण्यास तयार होतात, आणि असे हजारो गोंडे एका बिघ्यात असतात. त्या सर्वांवरून दररोज, योग्य वेळी, हलक्या हाताने फिरावयाचे म्हटल्यास मजुरी किती पडेल, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरी करावा. मधमाशी हेच काम मजुरी न मागता करते.

आपल्या भागात हे काम करणाऱ्या माश्या मुख्यतः चार प्रकारच्या आहेत. डोंगरकड्यांवर व उंच झाडांवर मोठे पोळे बांधणारी आग्या, झुडपांच्या फांदीवर छोटेसे पोळे लावणारी फुलोरी, झाडांच्या ढोलीत राहणारी सातेरी, आणि पेटीत पाळली जाणारी मेलिफेरा. यांपैकी आग्या व फुलोरी पेटीत नांदत नाहीत. त्या रानात टिकल्या तरच शेतात येतील. सातमाळ्याच्या पायथ्याशी वसलेल्या चांदवड तालुक्याला ही देणगी डोंगराने दिलेली आहे.

नवे संशोधन काय सांगते

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात संकरित कांद्याचे बी मोठ्या प्रमाणावर काढले जाते. तेथे या बियाचे उत्पन्न घटू लागले. फुलकिडे हे तेथील पिकाचे मोठे शत्रू, आणि त्यांच्यामार्फत पसरणारा पिवळ्या ठिपक्यांचा विषाणूजन्य रोगही तेथे नव्याने शिरला होता. म्हणून फवारण्या वाढल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील संशोधकांनी दोन वर्षे निरनिराळ्या शेतांतील फवारण्या, पाणी, आसपासची झाडझाडोरा आणि माश्यांची ये-जा यांची नोंद ठेवली. त्यांना असे दिसून आले की, फुलकिड्यांसाठी जेथे कीटकनाशकांचा वापर अधिक, तेथे माश्यांची ये-जा कमी आणि बीही कमी. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात आणखी एक गोष्ट उघड झाली. काही कीटकनाशकांमुळे माश्या त्या फुलांकडे कमी आकृष्ट होतात, आणि काही औषधांमुळे खुद्द परागकणांचे रुजणेच मंदावते. या प्रयोगातील सर्व निष्कर्ष एकसारखे नव्हते. पराग कमी रुजला तरी बी घटलेच असे दिसले नाही, आणि माश्या कमी आल्याचा फटका तपासलेल्या दोन वाणांपैकी एकालाच बसला. तथापि फवारणी बेताने करावी, हा त्या संशोधकांचा सल्ला निःसंदिग्ध होता.

फ्रान्समधील संशोधकांनी २०१२ साली निराळ्याच रीतीने हा प्रश्न तपासला. माश्यांच्या पाठीवर इवल्या ओळखचकत्या चिकटवून, थायामेथोक्झामची माशी न मरेल इतकी अल्प मात्रा त्यांना देण्यात आली व त्यांना पोळ्यापासून दूर सोडण्यात आले. त्यांपैकी अनेक माश्या घरी परतल्या नाहीत. त्यांची वाटच चुकली. शेतात मेलेली माशी दिसली नाही म्हणून औषध निरुपद्रवी, असे समजणे किती फसवे आहे, हे यावरून ध्यानी येईल. २०१८ साली युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन व थायामेथोक्झाम या तीन औषधांचा उघड्या शेतातील वापर बंद केला. इमिडाक्लोप्रिड व थायामेथोक्झाम ही नावे आपल्या शेतकऱ्यांस अपरिचित नाहीत.

आपल्या देशातही काम झाले आहे. बंगळूर येथील शास्त्रज्ञांनी आग्या माशीवर हवेतील प्रदूषणाचा काय परिणाम होतो हे तपासून २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मध्यम व अधिक दूषित हवेच्या ठिकाणांहून पकडलेल्या माश्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक माश्या एका दिवसाच्या आत मेल्या. बंगळूरची हवा व चांदवडची हवा एक नव्हे, हे खरे. परंतु मुंबई-आग्रा महामार्गावरून रात्रंदिवस वाहने धावत असता, रस्त्यालगतच्या बीजोत्पादकांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये.

आक्षेप आणि त्यांचा विचार

फुलकिडे आवरले नाहीत तर डोंगळे पिवळे पडतात; मग न फवारून कसे चालेल? हा आक्षेप रास्त आहे. पिवळ्या ठिपक्यांचा तो विषाणू महाराष्ट्रातही आढळला आहे. फवारणी मुळीच करू नये असे येथे कोणाचेही म्हणणे नाही. वेळ कोणती, औषध कोणते आणि गरज किती, एवढाच प्रश्न आहे. गोंडे उमलण्यापूर्वी पिकाची नीट पाहणी करून फुलकिड्यांचा बंदोबस्त केला, तर फुलोऱ्यात औषध मारण्याची पाळी सहसा येत नाही. तरीही ती आलीच, तर माश्या पोळ्यात परतल्यावर, सूर्यास्तानंतर, आणि माशीस कमी घातक असे औषध वापरावे. दुकानदाराच्या शिफारशीवरून दोन-तीन औषधे एकत्र कालवून भर दुपारी फवारणे हे पिकाच्या हिताचे नाही आणि खिशाच्याही नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. 'मी नियम पाळीन, पण शेजारी पाळणार नाही. मग माझ्या एकट्याच्या पाळण्याने काय होणार?' हा प्रश्न आपल्या तालुक्यात विशेष गंभीर आहे. वडनेर भैरवसारख्या भागात द्राक्षबागा आहेत. द्राक्षाला फळधारणेसाठी मधमाशीची गरज नाही. डोंगळे फुलतात त्याच सुमारास द्राक्षबागांत फवारे चालू असतात, आणि मधमाशी बांध ओळखत नाही. ती मैल-दोन मैल सहज जाते. म्हणजे माशी मरते एकाच्या शिवारात आणि बी घटते दुसऱ्याच्या. ज्याचे नुकसान होते त्याच्या हाती उपाय नाही, आणि ज्याच्या हाती उपाय आहे त्याचे नुकसान होत नाही. असा प्रश्न एकेकट्याच्या सद्बुद्धीवर सोडून सुटत नसतो. पाण्याची पाळी गावाने ठरविली म्हणूनच पाट चालतो. फवारणीची पाळीही तशीच ठरवावी लागेल.

बागायतदारांनीही दूरदृष्टीने पाहावे. आज द्राक्ष असेल, उद्या डाळिंब असेल. आणि डाळिंबाच्या फळधारणेस मधमाशीचे साहाय्य होते. भोपळा, काकडी, कारले, सूर्यफूल या पिकांचेही तसेच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार, जगातील प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक प्रकार कमीअधिक प्रमाणात परागवाहक प्राण्यांवर अवलंबून आहेत.

गावाने काय करावे

पहिली गोष्ट, ज्या गावांत डोंगळे लावले जातात तेथे ग्रामसभेत किंवा शेतकरी गटात फुलोऱ्याच्या काळापुरता फवारणीचा वेळ ठरवावा, आणि फवारणी करणाऱ्याने आदल्या दिवशी शेजाऱ्यास व पेटीवाल्यास कळवावे. दुसरी गोष्ट, मोहोळ जाळून मध काढण्याची रीत बंद व्हावी. एका रात्रीत जळणारे आग्या मोहोळ म्हणजे हजारो मजुरांची टोळी होय. तिसरी गोष्ट, बांधावरील निंब, करंज, बोर, बाभूळ, जांभूळ ही झाडे राखावीत. माशीला वर्षातील बाराही महिने चारा लागतो. केवळ आपल्या डोंगळ्यांच्या वेळी ती यावी अशी अपेक्षा धरणे म्हणजे बैलाला फक्त पेरणीच्या दिवशी वैरण घालण्यासारखे आहे.

पेट्या आणावयाच्या असल्यास त्या थोडी फुले उमलल्यावर आणाव्यात. यामागे कारण आहे. कांद्याच्या मधुरसात पालाशाचे प्रमाण अधिक असते व त्यामुळे माश्यांना तो फारसा रुचत नसावा, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९७२ सालीच दाखवून दिले होते. पेट्या फार आधी आणल्या तर माश्या आसपासच्या अधिक गोड फुलांची वाट धरतात. त्याच कारणास्तव डोंगळ्यांना खेटून, त्यांच्याच फुलोऱ्याच्या वेळी, माशीस अधिक प्रिय असे दुसरे पीक फुलू देऊ नये. मात्र पेटी हा रानमाशीला पर्याय समजू नये. ती जोड आहे, मूळ भांडवल नव्हे.

विद्यापीठांकडून अपेक्षा

येथे एक गोष्ट मोकळेपणाने मांडली पाहिजे. वर उल्लेखिलेले कांद्यावरील प्रयोग परदेशांतील संकरित वाणांचे आहेत. आपल्याकडे एन-२-४-१, बसवंत-७८० यांसारखे सरळ वाण आणि घरचे निवडक बी यांचे महत्त्व मोठे आहे. आपल्या माश्या निराळ्या आणि शेते लहान. तेव्हा ते निष्कर्ष जसेच्या तसे उचलणे योग्य होणार नाही. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि राजगुरुनगरचे कांदा-लसूण संशोधन संचालनालय यांनी चांदवडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात, शेतकऱ्यांच्याच डोंगळ्यांवर, फवारणीच्या निरनिराळ्या वेळा व माश्यांची संख्या यांची सांगड घालणारे प्रयोग सलग काही हंगाम घ्यावेत, आणि त्यांचे आकडे शेतकऱ्यांपुढे ठेवावेत. शेतकरी उपदेशापेक्षा शेजारच्या शिवारातील वजनकाट्यावर अधिक विश्वास ठेवतो, आणि ते योग्यच आहे.

तोपर्यंत प्रत्येक बीजोत्पादकास एक साधा प्रयोग स्वतः करता येईल. काही गोंड्यांवर फुले उमलण्यापूर्वी मलमलीच्या पातळ पिशव्या बांधून माश्यांना मज्जाव करावा आणि शेजारचे तितकेच गोंडे मोकळे ठेवावेत. बी पिकल्यावर दोन्ही वेगवेगळे मळून तोलून पाहावेत. मधमाशीच्या श्रमाचे मोल किती, हे त्या दोन ढिगांवरून घरातील लहान मुलासही उमगेल.

खात्रीचे बी घरी असणे हे लहान शेतकऱ्याचे मोठे स्वातंत्र्य आहे. ते हातचे गेले की दर हंगामाला दुसऱ्याच्या दाराशी, दुसऱ्याच्या भावाने आणि दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून उभे राहावे लागते. ते टिकवावयाचे तर विहिरीचे पाणी व जमिनीचा कस यांच्याबरोबरच शिवारातील माशीही टिकविली पाहिजे. येत्या हंगामात डोंगळे लावण्यापूर्वी गावोगावच्या शेतकरी बंधुभगिनींनी एकदा एकत्र बसून या प्रश्नाचा निर्णय करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.