नऊ नंबरचा निरोप

कन्नड तालुक्यातल्या पिशोरहून एका वाचक दोस्ताने विचारलंय, "लाइट गेल्यावर आमच्या शाळेतला यूपीएस टूं-टूं करतो आणि थोड्या वेळाने कॉम्प्युटर आपला आपण बंद होतो. त्याला हे कळवतं कोण?"

प्रश्न फक्कड आहे! दोस्तांनो, वर्ग चालू असताना शिपाईकाका नोटिशीची वही घेऊन येतात ना? तसंच काहीसं इथे घडतं. चालू असलेल्या प्रोग्रामला 'प्रोसेस' म्हणतात. लिनक्समध्ये अशा सगळ्या प्रोसेसवर देखरेख करणारा मुख्याध्यापक म्हणजे 'कर्नल' (पलटणीतला नव्हे हं!). एखाद्या प्रोसेसला निरोप आला, की कर्नल तिच्या नावापुढे खूण करून ठेवतो. या निरोपाला म्हणतात 'सिग्नल'. त्यात मजकूर नसतो, नुसता नंबर. प्रोसेसची पाळी आली, की तिचं काम पुढे चालू करण्याआधी कर्नल ती खूण बघतो आणि तिला निरोपाकडे वळवतो. गंमत म्हणजे तोपर्यंत तोच साधा निरोप तीनदा आला, तरी खूण एकच!

15 नंबर म्हणजे 'आवरा आता'. फाइल जपून ठेवायला सवड मिळते. एखादा हट्टी प्रोग्राम तो कानाआडही करू शकतो. 9 नंबर मात्र प्रोसेसपर्यंत पोचतच नाही. कर्नल तिला परस्पर संपवतो. अर्धवट लिहिलेलं गेलं ते गेलंच. हे निरोप पाठवणाऱ्या आज्ञेचं नाव काय, तर 'किल'! नाव भयंकर, काम पोस्टमनचं.

आता तुमचा यूपीएस. बॅटरी संपत आली, की तो तारेतून कॉम्प्युटरला तसं सांगतो. मग सिस्टिम सगळ्यांना आधी 15 पाठवते, थोडं थांबते आणि जे उरले त्यांना 9. ती तार जोडलेली नसेल, तर नुसत्या टूं-टूंचा उपयोग माणसांनाच. आणि यूपीएसच नसेल, तर वीज जाताक्षणी कर्नलही आडवा! निरोप देणार कोण?

पुण्याच्या आयसर संस्थेत 2019 मध्ये सी-डॅकचा 'परम ब्रह्म' महासंगणक बसवला गेला. अशा यंत्रावर शास्त्रज्ञांची गणितं तासन् तास चालतात, पण प्रत्येकाला वेळ नेमून दिलेली असते. ती संपली की तिथेही आधी 15, काही सेकंदांनी 9. हुशार प्रोग्राम 15 येताच हाती आलेली उत्तरं डिस्कवर उतरवतो आणि पुढच्या पाळीला तिथूनच सुरू करतो. त्याहून हुशार प्रोग्राम निरोपाची वाटच बघत नाही, दर थोड्या वेळाने उतरवत राहतो.